कोण? कसलं? – अर्जुन कुलाची ओळख
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी नावनोंदणीच्या टेबलापाशी मी पाऊण तास उभी होते. दहावीला बसून पंचेचाळीस वर्षं झाली. जो येईल त्याच्या तोंडी एकच प्रश्न. "कोण? ओळखलं नाही." मग दोघं एकमेकांकडे निरखून बघतात, आणि अचानक एखादी खूण पटते. कुणाची हसायची पद्धत, कुणाच्या भुवईवरचा व्रण, कुणाचं डाव्या हातानं सही करणं. केस गेले, पोटं वाढली, पण खूण जागेवर असते.

माझा विषय वनस्पतिशास्त्र. बत्तीस वर्षं कॉलेजात शिकवला, आता निवृत्त आहे. संयोजकांनी सांगितलं, "पंधरा मिनिटं बोल, पण पाठ घेऊ नकोस." तरी मी थोडा पाठ घेणारच आहे. कारण आपल्या बॅचनं झाडं लावायला पैसे जमवलेत आणि काय लावायचं ते आज दुपारी ठरणार आहे. शिवाय या आवारात माझं एक जुनं देणं आहे, तेही फेडायचं आहे.

माझ्या हातात हे फूल आहे. मधुमालती. इथं येताना एका फाटकावरून मागून आणलं. संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. एकाच झुबक्यात तिन्ही रंग दिसतात. पांढरं असतं त्या रात्री लांब सोंडेचे पतंग त्यावर येतात, रंग चढला की दिवसा मधमाश्या आणि शिंजीर. या वेलाला शास्त्रज्ञांनी नाव दिलं होतं 'क्विस्क्वालिस'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होतो, "कोण? कसलं?" लहानपणी हा वेल झुडपासारखा ताठ उभा राहतो, आणि मोठेपणी एकदम चढायला लागतो. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही की हे झुडूप म्हणायचं की वेल. म्हणून नावातच प्रश्न. आज सकाळी त्या टेबलापाशी आपण सगळेच क्विस्क्वालिस होतो.

आता माझी गोष्ट सांगते. आठवीत विज्ञानाच्या सरांनी प्रत्येकाला फूल उघडून त्याचे भाग वहीत चिकटवायला सांगितले होते. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग. सगळ्यांनी जास्वंद किंवा धोतरा आणला. मला वेगळं काहीतरी करायचं होतं, म्हणून मी घराच्या फाटकावरची मधुमालती आणली. पाच पाकळ्या मिळाल्या. दहा पुंकेसर मिळाले. नळी उभी चिरली, बारीक धाग्यासारखी कुक्षिवृंताची दांडी मिळाली. पण अंडाशय काही मिळेना. चार फुलं फाडली. शेवटी वहीत ठसठशीत अक्षरात लिहिलं, "या फुलास अंडाशय नाही."

सरांनी वही बघितली आणि दहापैकी चार गुण दिले. मी सगळ्या वर्गादेखत उभी राहून भांडले. "सर, मी चार फुलं बघितली. नाहीच आहे." सर शांतपणे म्हणाले, "सापडत नाही म्हणजे नाही असं होत नाही. काय टाकलंस ते बघ. टाकलेलं उचल." आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, सर मला कचरा उचलायला लावताहेत. मी रडत घरी गेले, आणि त्या वर्षी सरांशी एक शब्द बोलले नाही. माझ्या शेजारी बाकावर बसणारीला हे अजून आठवतं. सकाळीच तिनं मला चिडवलं.

बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रात्यक्षिकात हेच फूल समोर आलं. या वेळी मी नळीच्या बुडाशी असलेला हिरवा तुकडा ब्लेडनं आडवा कापला. चार-पाच मिलिमीटरचा असेल. शाळेत मी तो देठ समजून दर वेळी खुडून टाकला होता. भिंगाखाली बघितलं तर आत एकच पोकळी, आणि तिच्या छताला लोंबकळणारी इवलीशी बीजांडं. तोच अंडाशय होता. फुलाच्या पोटात नव्हता, फुलाच्या खाली होता. शास्त्रात याला अधःस्थ अंडाशय म्हणतात. पाकळ्या, पुंकेसर, सगळा डामडौल त्याच्या डोक्यावर बसतो आणि तो बिचारा देठासारखा दिसतो.

सर पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुम्ही मला कचरा उचलायला सांगत नव्हता. हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं आणि तुम्हाला सांगायला मी आजवर आले नाही. चार गुण बरोबर होते.

आता पाठ. मधुमालती ज्या कुटुंबातली, त्याचं शास्त्रीय नाव कॉम्ब्रेटेसी. मराठीत अर्जुन कुल. 1810 साली रॉबर्ट ब्राऊन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं हे कुल वेगळं काढलं. फिजिक्सवाल्यांना ब्राऊनियन गती आठवत असेल, तोच हा ब्राऊन. जगाच्या उष्ण पट्ट्यात या कुलाच्या सुमारे पाचशे जाती आहेत. बहुतेक झाडं आणि झुडपं, थोडे वेल, आणि काही चक्क खारफुटीत वाढणारी. आपल्याला बाहेरून ही मंडळी एकमेकांची कुणी लागत असतील असं वाटतच नाही. देशी बदाम, अर्जुन, ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा, धावडा, उक्षी, मधुमालती. सगळी एका घरची.

घरची खूण कुठली? पानं साधी, कडा सरळ, देठाच्या बुडाशी उपपर्णं नाहीत. बऱ्याच जातींत पानाच्या तळाशी किंवा देठाच्या टोकाला दोन बारीक गाठी दिसतात, त्या ग्रंथी. अर्जुनाचं आणि हिरड्याचं पान उलटसुलट करून बघा, बोटाला लागतात. फुलं बहुधा बारकी, तुऱ्यात दाटीनं लागलेली. अर्जुन, ऐन, हिरडा यांना तर पाकळ्याच नसतात, निदलांवर भागवतात. अंडाशय खाली, त्यात एकच कप्पा, कप्प्याच्या छतावरून लोंबणारी दोन ते सहा बीजांडं, पण फळात बी पिकतं ते एकच. आणखी एक खूण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. पानावर एकाच पेशीचे लांब, जाड भिंतीचे केस असतात, आणि प्रत्येकाच्या बुडाशी एक छोटा बंद कप्पा. या केसांना कुलाचंच नाव दिलं आहे.

यातली एक खूण तुम्ही सगळ्यांनी बघितली आहे. सूक्ष्मदर्शक न लावता. आपल्या शाळेच्या अंगणातला देशी बदाम आठवा. मधल्या सुट्टीत दगडावर दगड ठेवून आपण ती बी फोडायचो. आतली गर म्हणजे काय असायचं? पातळ पानांची घट्ट सुरळी. ती नखानं उलगडत उलगडत खाण्याची आपली शर्यत लागायची, कुणाची सुरळी न तुटता उलगडते म्हणून. त्या सुरळ्या म्हणजे बीजपत्रं. बीजपत्रांची अशी गुंडाळी ही बदाम, अर्जुन, ऐन यांच्या घराची खास ठेवण. आपण शास्त्र तोंडात टाकून चावत होतो आणि पेपरात मात्र "बीजपत्रे म्हणजे काय" याला गाळलेल्या जागा सोडत होतो.

त्या झाडाच्या फांद्याही आठवा. एक मजला, मग मोकळी जागा, मग दुसरा मजला. फांदीचं टोक काही काळ आडवं वाढतं, मग वर वळून थांबतं, तिथं पानांचा झुबका येतो आणि खालच्या बाजूनं नवी फांदी पुढं सरकते. शास्त्रात अशा वाढीला या झाडाच्या प्रजातीवरूनच नाव पडलं आहे. प्रजातीचं नाव 'टर्मिनालिया', कारण पानं फांदीच्या टोकाला एकवटतात. थंडी सरता सरता तीच पानं लालबुंद होऊन गळायची आणि झाडलोट करणाऱ्या मावशी आपल्यालाच ओरडायच्या. बदाम मुळात समुद्रकाठचा. त्याचं फळ तरंगतं, लाटांवर दूरदूर जातं. कराडला तो माणसांनी आणला. वादळात तो पडला तेव्हा आपल्यातले बरेच जण गावात नव्हते. मीही नव्हते.

आता हे कुल आपल्या तालुक्याच्या आसपास कसं पसरलं आहे ते बघू. प्रीतिसंगमावर उभं राहा. महाबळेश्वरात उगम पावलेल्या दोन नद्या, कृष्णा आणि कोयना, इथं समोरासमोर येऊन मिळतात. आता कोयनेच्या काठानं उलटं वर चला, पाटणवरून कोयनानगरकडं. रस्ता साठेक किलोमीटरचा. पण कराडचा पाऊस आणि कोयनानगरचा पाऊस यात कैक पटींचा फरक. जसा पाऊस वाढतो, तसे घरातले भाऊबंद बदलत जातात.

आगाशिव किंवा सदाशिवगडासारख्या कोरड्या टेकड्यांना मानवणारा भाऊ म्हणजे धावडा. पांढुरकं खोड, बारकी पानं, आणि फळं बोरासारख्या गोल डोक्यात दाटलेली, प्रत्येकाला चिमुकले दोन पंख. थंडीत घरोघरी डिंकाचे लाडू होतात ना, त्यातला चांगला डिंक याचा. धावडा पूर्वी वेगळ्या प्रजातीत धरत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत जनुकांचा अभ्यास झाला आणि कळलं की तो अर्जुनाचा अगदी सख्खा, म्हणून त्यालाही टर्मिनालियात घेतलं. त्याच सुमारास आमची क्विस्क्वालिसही 'कॉम्ब्रेटम' झाली. "कोण? कसलं?" या प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि प्रश्न नावातून गेला.

नदीकाठाला, ओढ्याकाठाला अर्जुन. गुळगुळीत, पांढुरकी साल, तिचे पातळ पापुद्रे सुटतात. मुळं काठाची माती धरून ठेवतात. सालीचा काढा आयुर्वेदात हृदयासाठी देतात. आपल्या वयात हे ऐकून कुणी घरी जाऊन साल उकळू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

पाटणच्या पुढं गेलात की ऐन. त्याची साल काळपट, चौकोनी भेगांची, सुसरीच्या पाठीसारखी. कोरड्या दिवसांत काही ऐनांच्या खोडात पाणी साठलेलं असतं. जुन्या वाड्यांच्या तुळया ऐनाच्या, आणि डोंगरात भाताच्या रोपांसाठी जो राब भाजतात त्यात ऐनाचा टाळा. विदर्भात भंडारा-गडचिरोलीकडं टसरचा किडा ऐन आणि अर्जुनावरच पोसतात. एकाच घरचा पाला खाऊन तो रेशीम विणतो.

ऐन आणि अर्जुन यांच्या फळांत अजूनही माझे विद्यार्थी फसायचे. दोघांनाही पाच पंख. या पिशवीतली फळं पुढं पाठवते, हातात घेऊन बघा. पंखावरच्या रेषा सरळ आडव्या कडेपर्यंत गेल्या असतील तर ऐन. वर वळलेल्या असतील तर अर्जुन. एवढाच फरक, पण कधी चुकत नाही.

मी परवाच कोयनेला जाऊन आले. हे दिवस किंजळीचे. पाऊस ओसरताना तिला फुलं येतात आणि थंडीत अख्खं झाड फळांनी तांबूस-विटकरी होतं. लांबून वाटतं झाडाला गंज चढलाय. तिच्या फळाला तीन पंख, एक मोठा आणि दोन लहान. आणि किंजळ मुख्यतः आपल्या पश्चिम घाटाची. कोयना आणि चांदोलीचं जंगल 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, ते अशाच झाडांच्या जिवावर.

त्याच जंगलात उक्षी. झुडूप म्हणावं तर पसरते, वेल म्हणावं तर जाड. पाकळ्या नाहीत, पण फूल झाल्यावर निदलं मोठी होऊन तीच फळाचे पंख होतात. फळ भिंगरीसारखं फिरत खाली येतं. गुराख्यांना तहान लागली की तिचं खोड कापून थेंब थेंब पाणी पितात.

आणि हिरडा, बेहडा. यांनी पंख सोडून दिले आणि फळाला गर धरला, म्हणजे बी वाऱ्यानं न जाता जनावरांनी न्यावं. त्रिफळा चूर्णातले दोन भाऊ हे. तिसरा आवळा, तो परक्या कुळातला. कोवळी फळं वाळवली की बाळहिरडा. पिकलेल्यातलं टॅनिन कातडी कमवायला आणि शाईला लागे, आणि इंग्रजांच्या काळात हिरडा बोटीनं विलायतेला जाई. बेहड्याच्या बिया म्हणजे वेदकाळातले जुगाराचे फासे. नळराजाच्या गोष्टीत ऋतुपर्ण रथातून जाता जाता ज्या झाडाची पानं-फळं मोजून दाखवतो, तो बेहडा. नळाच्या अंगातून निघालेला कली त्याच झाडात शिरला, म्हणून लोक त्याच्या सावलीला बसायला कचरत. बिचाऱ्याचा दोष इतकाच की फुलांना वास जरा उग्र.

एकाच घरातल्या कुणी वारा धरला, कुणी पाणी, कुणी जनावर. कुणी आकाशाला गेला, कुणी फाटकावर चढला. पण फूल उलटं करून खालचा तुकडा कापला, की आतली खोली तीच. एकच कप्पा, छताला टांगलेली बीजांडं. फुलांच्या रंगावर, झाडाच्या उंचीवर जो ओळखायला जाईल तो चुकेल. मी आठवीत चुकले तशी.

आता दुपारच्या बैठकीसाठी माझं म्हणणं. यादीत मी गुलमोहर बघितला. गुलमोहर देखणा आहे, माझं त्याच्याशी वैर नाही, पण तो मादागास्करचा. आणि आपल्याकडं जमलेल्या पैशांत रोपं थोडीच येणार, खरा खर्च कुंपणाचा आणि तीन उन्हाळे पाणी घालण्याचा आहे. मग जी जगतील, आणि जगली तर इथल्या पाखरांच्या, मातीच्या उपयोगी पडतील, ती लावू.

नदीकाठाला अर्जुन लावा. त्याची फळं दोन दिवस पाण्यात भिजवून पेरली तर रोपं आपण घरीच करू शकतो. टेकडीला धावडा. त्याची रोपं मात्र रोपवाटिकेतून घ्या, कारण धावड्याची बहुतेक फळं आतून पोकळ निघतात, पेरून निराश व्हाल. किंजळ आणि ऐन कोयनेच्या बाजूला ज्यांची शेतं आहेत त्यांनी बांधावर लावावेत, इथल्या कोरड्या माळावर आणून त्यांचे हाल करू नयेत. शाळेच्या फाटकावर मधुमालती. आणि अंगणात, जुना होता त्याच जागी, एक देशी बदाम. तो परगावचा आहे हे मी आत्ताच सांगितलं. पण आपल्यातलेही किती जण परगावचे, आणि सावली कुणी दिली हेही बघायचं असतं. मधल्या सुट्टीत पोरांना सुरळी उलगडायला मिळाली पाहिजे.

एकच अट. प्रत्येक झाडाखाली आपल्या बॅचच्या नावाचा फलक लावण्याआधी झाडाच्या नावाचा फलक लावा. नाहीतर पंचेचाळीस वर्षांनी कुणी तरी येऊन विचारेल, "कोण? कसलं?" आणि सांगायला आपण नसू.

हे फूल मी सरांच्या हातात देते.

ता. क. स्मरणिकेसाठी मजकूर लिहून देताना दोन गोष्टी जोडते. दुपारी बैठकीत अर्जुन, धावडा, बदाम आणि मधुमालती ठरली. गुलमोहराच्या बाजूचेही चार जण होते, त्यांच्यासाठी एक गुलमोहर राहिला. दुसरी गोष्ट सरांची. चहाच्या वेळी सरांनी मला बोलावलं. ते फूल त्यांच्या हातातच होतं, नळी अंगठ्यानं चिरलेली. खालचा हिरवा तुकडा त्यांनी जपून बाजूला ठेवला होता. मला म्हणाले, "बीजांडं बरीच, मग फळात बी किती?"

"एकच, सर."

"बरोबर," सर म्हणाले. "पण गुण चारच."